पाच पानांचा नियम

माझ्या सासूबाईंचं पुस्तक मी नाकारलं. तोंडी नाही, लेखी. माझ्या नावाच्या छापील कागदावर, खाली सही करून. घरोघरी मातीच्या चुली असतात हे मान्य, पण सुनेने सासूला टपालाने नकार पाठवल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.

मी साहित्य एजंट आहे. हे वाक्य उच्चारलं की समोरचा माणूस एक पाऊल मागे सरकतो, कारण त्याला वाटतं, आता ही विमा गळ्यात मारणार. तसं काही नाही. लोक पुस्तकं लिहितात, मला पाठवतात, आणि त्यांतलं जे मला पटतं ते घेऊन मी प्रकाशकांचे उंबरे झिजवते. ऑफिस म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला लागून बाडांचे ढीग, आणि खिडकीजवळ सासूबाईंची आरामखुर्ची. नवरा जहाजावर इंजिनिअर आहे. सहा महिने समुद्रावर असतो आणि सहा महिने आमच्या दोघींच्या मध्ये. ही गोष्ट तो समुद्रावर असतानाची, म्हणून सरळ सांगता येते.

महिन्याला साठ-सत्तर बाडं येतात. प्रत्येकासोबत एक पत्र असतं आणि माणूस बराचसा त्या पत्रातच कळतो. 'माझ्या सगळ्या मित्रांना कादंबरी फार आवडली' असं लिहिलेलं असतं. मित्रांना आवडणारच, त्यांना उद्या याला तोंड दाखवायचं असतं. 'असं पुस्तक आजवर झालेलं नाही' हेही बहुतेक वेळा खरं असतं, आणि का झालं नाही ते दुसऱ्या पानावर समजतं. दहांतल्या चार कादंबऱ्यांत पहिल्याच ओळीला कुणीतरी झोपेतून उठतं. आणखी दोनांत आभाळ भरून येतं. पत्रावरूनच मी बरंचसं बाजूला काढते आणि उरलेल्या आठ-दहा बाडांची पहिली पाच पानं वाचते. पाच म्हणजे पाच. भात शिजला की नाही हे बघायला अख्खं पातेलं संपवावं लागत नाही.

पूर्वी कुणी विचारलं, तुम्ही नक्की काय शोधता, तर मी ठासून सांगायची: स्वतःचा आवाज. मग एका शाळामास्तरांची कादंबरी माझ्या हातात आली. मी ती वाचून दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. ती घेऊन मी अडीच वर्षं हिंडले. एकोणीस प्रकाशकांनी एकोणीस प्रकारे नाही म्हटलं. शेवटी मास्तरच म्हणाले, "ताई, आता राहू द्या. मला तुमचीच काळजी वाटायला लागलीय." त्या दिवसापासून माझा माझ्या आवडीवरचा विश्वास उडाला. एखादं पान वाचून भारावले की मी स्वतःलाच दटावायची, तुला काय, तुला काहीही आवडतं.

याच सुमारास सासूबाईंचे डोळे गेले. पूर्ण नाही, कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. जिच्याकडे बघावं ती वस्तू नेमकी गायब होते, असं त्या म्हणतात. अक्षरं गेली, पण विणकामाच्या सुया राहिल्या, कारण त्या बोटांनी चालतात. जन्मभर पुस्तकांवर जगलेल्या बाईला नुसतं बसवत नव्हतं, म्हणून मी बाडं त्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागले. आणि मला शोध लागला. लिखाण बरं नसेल तर सुयांची टकटक एका लयीत चालू राहायची. चांगलं असेल तर लय मोडायची, मग सुया थांबायच्या, आणि खिडकीकडे तोंड करून त्या म्हणायच्या, "पुढे वाच."

मी सगळा भार त्या सुयांवर टाकला. सुया थांबल्या, तर पाच पानांच्या पुढे जायचं; नाही थांबल्या, तर नकाराचं पत्र. आणि हसू नका, गेल्या दीड वर्षात ज्या तीन पुस्तकांना सुया थांबल्या, ती तिन्ही छापली गेली.

विणकामालाही त्यांनी एक शिस्त लावली होती. बाड बदललं की लोकर बदलायची. "एकच रंग विणत बसले तर मला कळणार कसं मी किती ऐकलं ते?" पानाला साधारण दोन ओळी व्हायच्या. म्हणजे पाच पानांचा दहा ओळींचा पट्टा. चांगल्या पुस्तकाचा त्याहून अरुंद, कारण हात थांबलेले. त्याला आम्ही मफलर म्हणायचो, पण तो आता नऊ-दहा हात लांब झाला होता. तेवढी मान असलेलं माणूस अजून जन्माला यायचंय.

अशात ते बाड आलं. लेखिकेच्या नावाच्या जागी 'खिडकीजवळची' एवढंच. पत्ता दुसऱ्या गावचा. पत्र दोन ओळींचं: 'वय चौऱ्याहत्तर. हे मी सांगितलं आणि दुसरीने टाइप केलं. कुणाला आवडलं की नाही हे माहीत नाही, कारण अजून कुणाला दाखवलेलं नाही.' मला ते पत्र एकदम पटलं. मी सासूबाईंच्या हातात मोरपंखी लोकर दिली आणि वाचायला बसले.

एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्याची गोष्ट होती. वाफ, साबणाचं पाणी, ओल्या कापडाचं वजन, आणि दिवसाला चारशे चादरींच्या घड्या घालणाऱ्या दोन मुली. दोघींचं कडाक्याचं भांडण झालेलं, अबोला धरलेला, पण चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, चालत येऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा, पुन्हा मागे जायचं. एका चादरीमागे त्या चारदा समोरासमोर येतात आणि चारदा तोंड फिरवतात. दिवसभरात सोळाशे वेळा. त्या दोघींत कामापुरती एकच ओळ बोलली जायची. शिवण असलेला काठ जिच्या हातात, तिने चालत यायचं, म्हणून एक दुसरीला म्हणायची, "शिवण तुझ्याकडे, तू चाल." बास.

मी वाचत गेले. दाराची घंटा वाजली म्हणून थांबले. पार्सल आलं होतं. परत आले तेव्हा माझा चहा गार झाला होता, आणि खिडकीजवळ सुया चालूच होत्या. थांबणं सोडा, नेहमीपेक्षा जोरात चालत होत्या.

"कसं वाटलं, आई?"

"तू एजंट. तू सांग."

एरवी असं त्या कधी म्हणत नाहीत. पण मी ऐकल्या त्या फक्त सुया. मनात म्हटलं, बघ, परत वाहवत चालली होतीस, पुन्हा एक मास्तर झाला असता. आणि संध्याकाळी मी पत्र लिहिलं: 'आपलं लेखन स्वच्छ आहे, पण ऐकणाऱ्याला थांबवत नाही. पुढील लेखनास शुभेच्छा.' इतकं आखडलेलं पत्र मी आयुष्यात कुणाला पाठवलं नव्हतं.

आठवड्याभराने सासूबाईंनी सुया टोपलीत ठेवल्या. म्हणाल्या, बोटं दुखतात. वाचून दाखवू का म्हटलं तर म्हणाल्या, नको, डोकं चढतं. कान ऐकतात तर डोकं का चढावं, हे मला कळलं नाही. रविवारी दुपारी त्या माझ्या नणंदेकडे जायच्या, गेली दोन वर्षं न चुकता. तेही बंद झालं. मला वाटायचं, तिथे बसून दोघी माझ्या नावाने खडे फोडतात. आता खडेसुद्धा संपले म्हणजे प्रकरण गंभीर, असं समजून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली आणि म्हणाले, बोटं झकास आहेत.

एका सकाळी मी गच्चीवर वाळलेल्या चादरी गोळा करत होते. मी एकटीच हनुवटीखाली धरून कशीबशी घडी घालते. कपाटात ती चादर आहे की बोचकं हे ओळखू येत नाही. त्या दिवशी सासूबाई मागोमाग आल्या. हाताला काही काम नव्हतं ना. त्यांनी चाचपत दोन कोपरे उचलले, चादरीला असा हिसका दिला की ती फटकन वाजली, आणि सवयीने बोलून गेल्या,

"शिवण तुझ्याकडे, तू चाल."

मी चालले नाही. मी तिथेच उभी राहिले. लग्नाला अठरा वर्षं झाली, आणि या बाईच्या हातची चादर मी कधी धरलीच नव्हती.

मग चालले. कोपऱ्याला कोपरा लागला, बोटांना बोटं लागली.

"हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होतात तुम्ही?" मी विचारलं.

त्या मागे गेल्या, चादर ताणली. मी पुन्हा जवळ गेले.

"लग्नाआधी. दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "इकडे कुणाला सांगितलं नव्हतं."

तिसऱ्या भेटीला मी म्हटलं, "खिडकीजवळची तुम्ही?"

चौथ्या भेटीला त्या म्हणाल्या, "नीट धर. जमिनीला लागतेय."

मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी काहीच धड केलं नाही. खाली येऊन नणंदेला फोन लावला.

"कळलं का एकदाचं?" ती म्हणाली. "दोन वर्षं दर रविवारी आई सांगत होती आणि मी टाइप करत होते. पत्ता माझ्या मैत्रिणीचा. तुझं पत्र मीच वाचून दाखवलं तिला, वहिनी. मला पुन्हा असलं काम सांगू नकोस, म्हटलं तिला."

"पण मला आधी सांगायचं ना."

"आईने शपथ घातली होती. तिला सुनेचं मत नको होतं. काखेत कळसा आणि तू गावाला वळसा घालत बसलीस, त्याला मी काय करू?"

संध्याकाळी मी सासूबाईंच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसले. म्हटलं, आई, माझं चुकलं. पुस्तक चांगलं आहे. नुसतं चांगलं नाही, फार चांगलं आहे. मला ते प्रकाशकांकडे न्यायचंय.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आता तू असं म्हणणारच. म्हणून तर नाव लपवलं होतं."

"मी मनापासून सांगतेय."

"मनापासूनच सांगत असशील. सून आहेस, मन आहे तुला. पण मला एजंटचं उत्तर हवं होतं, आणि ते मिळालं. एजंटने नाही म्हटलं, आता सून हो म्हणतेय. आयुष्यभर घरच्यांनी माझ्या सगळ्याला छान म्हटलंय गं. भाजीलाही छान, पडद्यांनाही छान. एक तरी गोष्ट परक्या माणसाने खरी मापावी असं वाटलं." आणि पुढे म्हणाल्या, "ते कागद रद्दीत घाल. एका बाजूने कोरे असतील तर तुझ्या कामाला घे."

मी वाद घातला. मी वाद चांगला घालते, तोच माझा धंदा आहे. पण प्रकाशकाला पटवणं वेगळं आणि अठरा वर्षं माझ्या पोळ्यांना छान म्हणत आलेल्या बाईला पटवणं वेगळं. माझा प्रत्येक शब्द घरचा होता. जे बोलू ते सुनेचंच ठरणार होतं. मी 'खिडकीजवळची'ला परकी म्हणून वाचलं ते एकदाच, आणि त्या एका वाचनाचं माझं उत्तर माझ्याच सहीने त्यांच्या उशाशी पडलं होतं.

दोन दिवस मी ते बाड टेबलावर ठेवून नुसती फिरत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी, खोली आवरताना, मी टोपलीतला मफलर बाहेर काढला. धुवून ठेवावा म्हटलं. उलगडून टेबलावर पसरला. पट्ट्यामागून पट्टे: पिवळा, राखाडी, विटकरी, सगळे साधारण तीन बोटं रुंद. मध्येच ते छापले गेलेले तीन, बोटभर. आणि शेवटी मोरपंखी.

मोरपंखी पट्टा माझ्या वितीहून थोडाच कमी होता.

मी ओळी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या, कारण माझा माझ्यावर विश्वास नाही हे सांगून झालंय. मग बाड उघडलं, घंटा वाजली होती ती जागा शोधली आणि पानाचा आकडा पाहिला.

"आई," मी हाक मारली. "जरा हात द्या."

त्यांचा हात धरून मी मफलरवर ठेवला. "मोजा."

"काय हे आता?"

"ओळी मोजा. पिवळा."

त्यांची बोटं लोकरीवरून सरकली. "दहा."

"पुढचा."

"नऊ. हा अकरा. हा पाच, हा तो होडीवाल्या मुलाचा. त्याला मी थांबले होते." त्यांना गंमत वाटू लागली होती. "हा दहा. हा दहा." मग बोटं मोरपंखीवर गेली आणि चालतच राहिली. ओठ हलत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "चव्वेचाळीस कसे?"

"पानाला किती ओळी होतात तुमच्या?"

"दोन."

"आणि माझा नियम किती पानांचा?"

त्यांनी पट्ट्याच्या सुरुवातीला बोट नेलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या. या वेळी अगदी सावकाश.

"मला वाटलं, पाचच पानं झाली," त्या म्हणाल्या. "मला काय दिसतंय? मी बोलले आणि लेकीने टाइप केलं, त्याची किती पानं झाली ते मी कधी विचारलं नाही. आणि त्या दिवशी वेळेचं भान कुठे होतं मला? छाती धडधडत होती नुसती. तू कुठे अडखळतेस, कुठे जांभई देतेस, तेवढंच ऐकत होते."

"बावीस पानं वाचली मी, आई. पुढे वाच असं कुणी न सांगता. मास्तरांनंतर कुणाचं सहावं पान वाचलेलं नाही मी असं. आणि तेव्हा मला माहीत नव्हतं, तुम्ही कोण."

"मग नाही का म्हटलंस?"

"तुमच्या सुया थांबल्या नाहीत म्हणून."

त्यांनी माझ्या दिशेने तोंड केलं. म्हणजे जरा बाजूला, कारण तशी मी त्यांना दिसते. "अगं, मला ते तोंडपाठ होतं. माझ्याच गोष्टीला मी काय म्हणून थांबू? आणि हात चालते ठेवले नसते तर तुला कळलं असतं ते थरथरताहेत म्हणून."

मग त्या हसायला लागल्या. मी पण. दोन शहाण्या बायका, एकीने दुसरीच्या सुयांवर भरवसा ठेवला, दुसरीने पहिलीच्या पत्रावर, आणि दोघींच्या मध्ये वीतभर पुरावा टोपलीत पडून होता.

"मग आता पाठवू ना प्रकाशकाला?" मी विचारलं.

"असं कसं? नकार टपालाने आला, होकारही टपालानेच आला पाहिजे. रीतसर. आणि मला कळू दे, एजंटला काय काय खटकलं ते. काहीतरी खटकलं असेलच."

"पहिली तीन पानं. आभाळ भरून आलंय त्यात."

"ती मला आवडतात."

"तीच काढायची."

"बघू," त्या म्हणाल्या, आणि हे अगदी लेखकासारखं म्हणाल्या.

मी पत्र लिहिलं, पाकीट डकवलं, आणि नणंदेच्या मैत्रिणीच्या पत्त्यावर टाकून आले. मधले पाच दिवस आम्ही दोघींनी त्याचा चकार शब्द काढला नाही. फक्त चहा देताना मी पाहिलं, सुया टोपलीतून बाहेर आल्या होत्या आणि टोपलीत लाल लोकरीचा एक गुंडा होता. तो रंग मी दिलेला नव्हता.

रविवारी नणंद ते पाकीट घेऊन आली आणि सरळ माझ्या हातात देत म्हणाली, "वहिनी, या खेपेला तूच वाच. मागचं मी वाचलं होतं, माझी पाळी झाली."

सासूबाई खिडकीजवळ विणत होत्या. मी पाकीट फोडलं. स्वतःचंच पत्र वाचताना आवाज कापतो हे मला माहीत नव्हतं. समोर बसून सुया चालवणाऱ्या बाईला त्या दिवशी काय झालं असेल, ते मला आत्ता कळलं.

"'प्रिय खिडकीजवळची,'" मी वाचलं. "'आपल्या बाडाबद्दल मी पूर्वी पाठवलेलं पत्र मागे घेत आहे. ते मी दुसऱ्याचा कानोसा घेऊन लिहिलं होतं. नव्या पुस्तकात मी काय शोधते, असं मला विचारतात. मी एवढंच शोधते की वाचताना माझा नियम मी विसरावा. आपण मला तो बावीस पानं विसरायला लावला...'"

टकटक अडखळली. मग थांबली. नणंदेने माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही, कारण मला अक्षरं दिसत नव्हती.

खिडकीकडे तोंड करून सासूबाई म्हणाल्या, "पुढे वाच."